सिमलिंक: करताना, वळवताना आणि काढताना एंटरच्या आधी काय बघायचं

वाशीच्या मार्केट यार्डातला एखादा गाळा असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटीतला छोटा प्रेस, लिनक्सच्या मशीनवर हिशेब ठेवणाऱ्यांची मांडणी साधारण एकच असते. दर आर्थिक वर्षाचा वेगळा फोल्डर, आणि सगळ्यांच्या सवयीचं एक नाव, 'चालू'. हे 'चालू' म्हणजे सिमलिंक, खऱ्या फोल्डरचा पत्ता सांगणारी एक छोटी फाइल. वर्ष बदललं की लिंक नव्या फोल्डरकडे वळवायची, कुणाला काही वेगळं शिकवायला लागत नाही.

कल्पना चांगली आहे, पण फोन येतात ते ठरलेले. लिंक केली पण उघडत नाही. वळवली, तरी नोंदी जुन्याच वर्षात पडताहेत. लिंक काढायला गेलो आणि वर्षभराचा डेटा गेला. तिन्हींचं मूळ एकच: कमांड लिंकवर चालणार आहे की लिंकच्या पलीकडच्या फोल्डरवर, हे एंटर दाबण्याआधी कुणी ठरवलेलंच नसतं.

या लेखात कमांड फोनवर सांगतात तशा लिहिल्या आहेत. एलएन, म्हणजे लिंक करणारी कमांड, ही एल आणि एन अशी दोन लहान रोमन अक्षरं. एलएस, आरएम, सीपी, एमव्ही, सीडी तसंच. रीडलिंक, फाइंड, टच, अनलिंक हे आख्खे शब्द आहेत. पर्यायातलं अक्षर मोठं हवं असेल तिथे 'कॅपिटल' असं लिहिलं आहे. फोल्डरांची नावं मात्र खरोखर देवनागरीत दिली तरी लिनक्सला चालतात.

पूर्वतयारी

खऱ्या डेटावर सराव करू नका. घरच्या फोल्डरमध्ये खोटी मांडणी उभी करा:

एमकेडीआयआर -पी सराव/हिशेब/२०२५-२६ सराव/हिशेब/२०२६-२७ सराव/टेबल
टच सराव/हिशेब/२०२५-२६/वही
सीडी सराव

मग 'एलएन --व्हर्जन' चालवून बघा. ग्नू कोअरयुटिल्स (लिनक्सवरच्या नेहमीच्या कमांडचा संच) असं काही आलं, तर खालचं सगळं जसंच्या तसं चालेल. मॅकवर या कमांडला एररच येते, कारण तिथली एलएन वेगळ्या घराण्यातली आहे. तिला कॅपिटल टी हा पर्याय माहीत नाही. मुख्य फरक जिथे पडतात तिथे सांगितलं आहे, सगळे मात्र नाहीत.

खऱ्या मशीनवर हात लावायच्या आधी आणखी एक काम: हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा, सगळ्या टेबलांवरचं. एकदा उघडलेली फाइल त्या प्रोग्रामच्या हातात तशीच राहते. लिंक तुम्ही कुठेही वळवा, तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतो.

१. आधी आहे ते वाचायला शिका

सिमलिंक ही एक छोटी फाइल, आणि तिच्यात फक्त एक पत्ता लिहिलेला असतो. बंद शटरवर 'दुकान पलीकडच्या गल्लीत हलवले आहे' असा कागद चिकटवलेला असतो तशी. कागद फाडल्याने दुकानाचं काही बिघडत नाही, आणि पत्ता चुकीचा लिहिला तर कागद स्वतःहून तक्रार करत नाही.

एलएस -एल चालू

ओळीच्या सुरुवातीला एल हे अक्षर दिसलं तर ती लिंक. अशा एका ओळीऐवजी आतल्या फाइलींची यादी आली तर तो खरा फोल्डर, आणि मग हा लेख तिथेच थांबवून आधी चौकशी करा. शेवटी बाण आणि बाणापुढे पत्ता. मध्ये दिसणारी आरडब्ल्यूएक्सची तीनदा येणारी माळ निरर्थक आहे. परवानगी पलीकडच्या फाइलची आणि वाटेतल्या फोल्डरांची बघितली जाते. आकाराचा आकडा म्हणजे पत्त्याची लांबी, बाइटमध्ये. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून चार अक्षरी पत्त्याचा आकार १२ वगैरे दिसला तर गोंधळू नका.

लिंकमध्ये लिहिलेला पत्ता जसाच्या तसा हवा असेल तर 'रीडलिंक चालू'. सगळ्या लिंका ओलांडून शेवटी आपण कुठे पोचतो ते हवं असेल तर 'रीडलिंक -एफ चालू'. आणि शेवटचं ठिकाण खरंच अस्तित्वात आहे की नाही याची खात्री हवी असेल तर 'रीडलिंक -ई चालू'. ठिकाण नसेल तर ही शेवटची कमांड काहीच छापत नाही. पुढे प्रत्येक टप्प्याला हीच वापरायची आहे.

सावध: नावाच्या शेवटचा स्लॅश अर्थ बदलतो. 'चालू' म्हणजे कागद, 'चालू/' म्हणजे दुकान. सरावातली 'चालू' तिसऱ्या टप्प्यात तयार होईल, ती झाली की हे करा: 'एलएस -एलडी चालू' आणि 'एलएस -एलडी चालू/' एकापाठोपाठ चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा. हा फरक डोळ्यांत बसल्याशिवाय पाचव्या टप्प्याला हात लावू नका.

२. पत्ता कुठून मोजायचा ते ठरवा

सगळ्यात जास्त लिंका इथे मरतात. सापेक्ष पत्ता, म्हणजे स्लॅशने सुरू न होणारा, हा तुम्ही उभे आहात तिथून मोजला जात नाही. लिंक जिथे राहणार, त्या फोल्डरपासून मोजला जातो.

सराव फोल्डरमध्ये उभं राहून 'टेबल' फोल्डरात लिंक करायची आहे असं धरा:

एलएन -एस हिशेब/२०२५-२६ टेबल/चालू

कमांड निमूटपणे होते. पण लिंक शोधणार टेबल/हिशेब/२०२५-२६, आणि असा फोल्डर कुठेच नाही. एलएन पत्त्याची शहानिशा करत नाही, तिला तुम्ही तिथे कविता लिहून दिलीत तरी चालते. बरोबर पत्ता असा:

एलएन -एस ../हिशेब/२०२५-२६ टेबल/चालू

वरची चुकीची लिंक केली असेल तर ही कमांड 'फाइल एक्झिस्ट्स' म्हणेल. आधी 'आरएम टेबल/चालू' करा.

सवय अशी लावा, की आधी सीडीने त्या फोल्डरात जायचं जिथे लिंक राहणार आहे, मग पत्ता टॅब दाबत दाबत लिहायचा. टॅबने नाव पूर्ण केलं म्हणजे पत्ता बरोबर आहे. नाही केलं तर तिथेच थांबायचं. ग्नूच्या एलएनमध्ये -आर हा पर्यायही आहे, तो सापेक्ष पत्ता स्वतः मोजून देतो. मॅकवर तो नाही, म्हणून मी सवय आधी सांगतो.

सापेक्ष घ्यायचा की पूर्ण? लिंक आणि मूळ फोल्डर एकाच मोठ्या फोल्डरात राहणार असतील आणि तो अख्खा उचलून दुसरीकडे न्यायची वेळ येऊ शकत असेल, तर सापेक्ष. लिंक एका डिस्कवर आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर असेल, तर स्लॅशपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता.

या दुसऱ्या प्रकारात एक खड्डा आहे, आणि तो फार उशिरा कळतो. डेटाची वेगळी डिस्क /डेटा या जागी जोडली जाते असं समजा, आणि लिंक थेट /डेटा कडे आहे. एके दिवशी वीज जाते, मशीन पुन्हा सुरू होतं, पण डिस्क जोडली जात नाही. /डेटा हा रिकामा फोल्डर मात्र तिथे असतोच. लिंक तुटलेली दिसत नाही, फक्त आत काही नसतं. लिहायची परवानगी असेल तर सॉफ्टवेअर नव्या नोंदी त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर टाकायला लागतं. संध्याकाळी डिस्क जोडली की त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात आणि 'दिवसभराचं काम गेलं' असा फोन येतो. गेलेलं नसतं, डिस्क काढून बघितली तर खाली सापडतं. पण हे टाळायचं असेल तर लिंक कधीही जोडजागेकडे करू नका, डिस्कच्या आतल्या फोल्डरकडे करा: /डेटा/हिशेब. डिस्क नसली की लिंक सरळ तुटते, सॉफ्टवेअर एरर देतं, आणि एरर दिसलेली केव्हाही बरी.

तपासा: 'फाइंडएमएनटी /डेटा' ने ओळ छापली तर डिस्क जोडलेली आहे. काहीच छापलं नाही तर नाही.

३. लिंक करा

क्रम सीपीसारखा: आधी जे आहे ते, मग जे नवं होणार ते. विंडोजच्या एमकेलिंकमध्ये हाच क्रम उलटा आहे, आधी लिंकचं नाव आणि मग मूळ. दोन्हीकडे काम करणारे इथे हमखास चुकतात.

सराव फोल्डरमध्ये:

एलएन -एस -कॅपिटलटी हिशेब/२०२५-२६ चालू

कॅपिटल टी कशासाठी? 'चालू' नावाचा फोल्डर आधीच असेल, तर साधी 'एलएन -एस' काही न बोलता त्याच्या आत लिंक करून मोकळी होते. कॅपिटल टी दिल्यावर ती नकार देते. पहिल्यांदा लिंक करताना -एफ अजिबात देऊ नका. त्याच नावाची खरी फाइल तिथे असेल तर -एफ ती पुसून त्या जागी लिंक ठेवतो. -एफ नसताना 'फाइल एक्झिस्ट्स' अशी एरर येते. ती आली की थांबून बघायचं.

क्रम उलटा झाला तर काय होतं तेही एकदा सरावात बघून घ्या:

एलएन -एस चालू हिशेब/२०२६-२७

दुसरं नाव हा खरा फोल्डर असल्यामुळे लिंक त्याच्या आत होते, तिचं नाव 'चालू' आणि तिच्यातला पत्ताही 'चालू'. म्हणजे ती स्वतःकडेच बोट दाखवते. उघडायला गेलात की 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स' अशी एरर येते. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एका पत्त्यात ४० लिंका ओलांडल्या की नाद सोडतं. ही एरर दिसली की नव्याण्णव टक्के वेळा कुणीतरी क्रम उलटा टाकलेला असतो. आतली ती लिंक 'आरएम हिशेब/२०२६-२७/चालू' ने काढा.

तपासा: 'रीडलिंक -ई चालू' ने पूर्ण पत्ता छापला का? 'एलएस चालू/' मध्ये 'वही' दिसते का? दोन्ही हो असेल तरच पुढे.

४. लिंक नव्या वर्षाकडे वळवा

हे काम १ एप्रिलला येतं. मार्केटात तेव्हा हापूस उतरत असतो, फळबाजारात कुणाला मान वर करायला सवड नसते, आणि दोन ट्रकांच्या मध्ये कुणीतरी ही कमांड मारतो:

एलएन -एसएफ हिशेब/२०२६-२७ चालू

एरर नाही, काही नाही. आणि लिंक वळलेलीही नाही. झालं असं, की 'चालू' ही फोल्डरकडे जाणारी लिंक असल्यामुळे एलएन तिच्यातून आत गेली आणि जुन्या वर्षाच्या फोल्डरात '२०२६-२७' नावाची एक तुटकी लिंक ठेवून आली. एप्रिलच्या नोंदी मार्चच्या खाली पडत राहतात. कळतं ते रिटर्न भरायच्या वेळी, सीएच्या ऑफिसातून फोन आल्यावर.

सरावात ही चूक मुद्दाम करा आणि 'एलएस -एल चालू/' ने आत पडलेला कचरा बघा. तो काढायला 'आरएम चालू/२०२६-२७'.

बरोबर रीत दोन ओळींची:

एलएन -एस -कॅपिटलटी हिशेब/२०२६-२७ चालू.नवी
एमव्ही -कॅपिटलटी चालू.नवी चालू

पहिल्या ओळीने नवी लिंक शेजारी तयार होते. तिच्यावर 'रीडलिंक -ई चालू.नवी' चालवून खात्री करा, मगच दुसरी ओळ. एमव्ही नाव एका झटक्यात बदलते, त्यामुळे 'चालू' जागेवरच नाही असा क्षण कुठल्याच प्रोग्रामच्या वाट्याला येत नाही. एमव्हीलाही कॅपिटल टी हवाच, नाहीतर तीही तसाच प्रकार करेल: नवी लिंक उचलून जुन्या फोल्डरात.

मॅकवर 'एलएन -एसएफएन' वापरा. त्यातला एन 'लिंकच्या आत शिरू नको' असं सांगतो. लिनक्सवरही हे चालतं, पण 'चालू' ही लिंक नसून खरा फोल्डर असेल तर एनचा उपयोग होत नाही, लिंक आतच पडते. कॅपिटल टी तिथेही अडवतो. म्हणून जिथे मिळतो तिथे तोच.

५. लिंक काढा

आरएम चालू

एवढंच. स्लॅश नाही, -आर नाही, -एफ नाही, तारा (*) नाही. लिंक जाते, फोल्डर राहतो.

पण हात सवयीने 'आरएम -आरएफ' टाइप करतात, आणि टॅब स्लॅश जोडून देतो. बॅशमध्ये (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) नेहमीच्या सेटिंगला पहिल्या टॅबने लिंकचं नुसतं नाव येतं, पुन्हा टॅब दाबला की स्लॅश येतो. घाईत दोनदा दाबणारे खूप. 'आरएम -आरएफ चालू/' ने पलीकडच्या फोल्डरातला मजकूर उडू शकतो, आणि गंमत म्हणजे लिंक तशीच राहते. 'आरएम -आरएफ चालू/*' मध्ये तर शक्यतेचा प्रश्नच नाही: शेल तारा उलगडून आतल्या फाइलींची नावं आरएमच्या हातात देतं.

म्हणून मी लोकांना आरएमऐवजी 'अनलिंक चालू' सांगतो. ती एका वेळी एकच नाव घेते, फोल्डरला हात लावत नाही आणि चुकून स्लॅश पडला तर एरर देऊन थांबते.

उलट बाजूची भीती मात्र बाळगू नका. एखाद्या फोल्डरवर आरएम -आर चालवलं आणि त्याच्या आत लिंका असतील, तर आरएम त्या लिंका नुसत्या काढते, त्यांच्यातून पलीकडे जात नाही.

सावध: 'सीडी चालू' करून आत गेलात आणि 'सीडी ..' केलंत, तर तुम्ही आलात तिथे परत येता, कारण शेल वाट लक्षात ठेवतं. पण आत उभं राहून 'एलएस ..' किंवा 'आरएम ../काहीतरी' केलंत, तर ती कमांड खऱ्या फोल्डरच्या वरच्या फोल्डरावर चालते, म्हणजे इथे हिशेबवर. एकाच '..' चे दोन अर्थ. लिंकमधून आत शिरून दोन ठिपक्यांनी काहीही पुसू नका. आधी 'पीडब्ल्यूडी -कॅपिटलपी' करून खरा पत्ता वाचा.

६. कॉपी आणि बॅकअप: प्रत्येक कमांडची खोड वेगळी

'पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला होता, आत फक्त लिंक निघाली' ही तक्रार इथली. बॅकअप घेण्याआधी 'डीयू -एसएच चालू' आणि 'डीयू -एसएच चालू/' बघा. पहिला आकडा शून्याच्या आसपास, दुसरा खरा. तुमच्या बॅकअपचा आकार पहिल्याशी जुळत असेल तर तुम्ही नुसता पत्ता जपून ठेवला आहे.

सीपीला फाइलची लिंक दिली तर ती पलीकडचा मजकूर कॉपी करते, पण 'सीपी -ए' किंवा ग्नूची 'सीपी -आर' दिली तर लिंकची लिंकच राहते. मजकूर हवा असेल तर सोबत कॅपिटल एल द्या. फाइलींचा गठ्ठा बांधणारा टारही लिंक तशीच ठेवतो. मजकूर हवा असेल तर -एच. आरसिंक -ए लिंक तशीच ठेवतो, पण नावाला शेवटी स्लॅश दिला की आतला मजकूर घेतो. झिप आणि एससीपी -आर याच्या बरोबर उलट: ते लिंकमागे जाऊन मजकूर उचलतात. झिपमध्ये लिंक लिंक म्हणून ठेवायची तर -वाय.

पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ असतो आणि त्यावर सिमलिंक ठेवताच येत नाही. तिथे मजकूरच न्यावा लागतो. मात्र कॅपिटल एल अख्ख्या फोल्डरावर देताना आत एकाच वर्षाकडे जाणाऱ्या दोन-तीन लिंका नाहीत ना ते बघा, नाहीतर तोच डेटा दोन-तीनदा जाऊन पेनड्राइव्ह भरतो.

कॉपीचं ठिकाण म्हणून लिंकचं नाव दिलं तर? 'सीपी नवी जुनी' मध्ये 'जुनी' ही फाइलकडे जाणारी लिंक असेल, तर लिंक शाबूत राहते आणि पलीकडची खरी फाइल बदलते. फाइलमधला मजकूर बदलणारा सेड -आय बरोबर उलटं करतो: लिंक मोडतो आणि तिच्या जागी सुटी फाइल ठेवतो, मूळ फाइल जशीच्या तशी. कॉन्फिगरेशन बदललं पण परिणाम दिसत नाही, तेव्हा हे आधी तपासा. ग्नूच्या सेडला '--फॉलो-सिमलिंक्स' दिलं की तो नीट वागतो.

मालकी बदलणारी सीएचओन लिंकचं नाव दिल्यावर पलीकडच्या फाइलची मालकी बदलते. लिंकचीच बदलायची तर -एच. परवानगी बदलणारी सीएचमॉडही पलीकडेच काम करते.

अनेकांच्या मशीनवर /टीएमपी मध्ये ठरावीक नावाची फाइल लिहिणारी स्क्रिप्ट ठेवू नका. त्याच नावाची लिंक आधी कुणी तिथे ठेवून दिली तर तुमची स्क्रिप्ट भलतीच फाइल खोडते. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत कर्नल याला आडकाठी करतं, तरी नाव दरवेळी नवं देणाऱ्या 'एमकेटेम्प' कडूनच घ्या.

७. तुटलेल्या लिंका शोधा, पण लगेच पुसू नका

फाइंड . -एक्सटाइप एल

मॅकवर हेच 'फाइंड -कॅपिटलएल . -टाइप एल' असं. यादी आली की हात शिवशिवतात आणि शेवटी '-डिलीट' जोडावंसं वाटतं. आधी फाइंडएमएनटी चालवा. डेटाची डिस्क त्या क्षणी जोडलेली नसेल, तर तिच्याकडे जाणारी प्रत्येक लिंक तुटलेलीच दिसणार. पावसाळ्यात वीज येऊन-जाऊन असते तेव्हा सकाळी सकाळी 'सफाई' करणाऱ्यांनी चांगल्या लिंका अशाच उडवल्या आहेत. डेटा सुरक्षित राहतो, पण कुठली लिंक कुठे जात होती ते कुणाच्या लक्षात नसतं.

म्हणून सगळं नीट चालू असतानाच यादी काढून ठेवा, डाव्या बाजूला लिंक आणि उजव्या बाजूला पत्ता:

फाइंड . -टाइप एल -प्रिंटएफ '%पी -> %एल\एन' > लिंकयादी

ही ग्नूची रीत. टक्क्यानंतरची अक्षरं लहान. दरवर्षी लिंक वळवली की यादी पुन्हा काढायची, आणि ती डेटाच्या डिस्कवर न ठेवता दुसरीकडे ठेवायची.